उंच वाळवंटातले गोल्फ : पा-को रिजवर पहिल्यांदा खेळताना

पुण्यात नियमित खेळणाऱ्या आणि अठराच्या आसपास हँडिकॅप (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण अठरा फटके जास्त लागणे) असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, सप्टेंबरमध्ये ते मुलीकडे न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात जाणार आहेत आणि तिथले पा-को रिज हे सार्वजनिक मैदान त्यांना खेळायचे आहे. उंचीवर चेंडू लांब जातो असे ऐकले आहे, तेव्हा मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या सर्वांत लांबच्या जागेवरून) खेळावे का, क्लब (काठ्या) कसे निवडावेत आणि वाळवंटातले मैदान म्हणून वेगळी तयारी काय करावी, असे त्यांचे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो : मागच्या टीवरून खेळू नका. न्यू मेक्सिकोत मी बरीच वर्षे खेळत आणि शिकवत आलो आहे, आणि बाहेरून येणारा खेळाडू तिथे ज्या एका समजुतीपायी आपली फेरी हातची घालवतो, ती हीच. चेंडू लांब जातो हे खरे आहे, परंतु ही मैदाने लांबीची परीक्षा घेत नाहीत. चेंडू कुठे पडतो, किती कोनातून पडतो आणि पडल्यावर किती धावतो, याची ती परीक्षा घेतात. विरळ हवा या तिन्ही गोष्टी बदलते, आणि त्यातला प्रत्येक बदल आपल्या फायद्याचा असतोच असे नाही.

उंच वाळवंट म्हटल्यावर जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांसमोर आणू नयेत. अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० फुटांवर आहे, आणि त्याच्या पूर्वेला सँडिया पर्वताची भिंत १०,६७८ फुटांपर्यंत उभी आहे. पा-को रिज या पर्वताच्या पलीकडच्या, म्हणजे पूर्वेच्या उतारावर, साधारण ६,५०० ते ७,००० फुटांच्या पट्ट्यात वसलेले आहे. शहरातून आंतरराज्य महामार्ग ४० ने तिहेरास खिंडीतून पूर्वेला जायचे आणि तिथून राज्यमार्ग १४ धरून उत्तरेला वळायचे. अर्ध्या तासाच्या आसपास आपण मैदानावर असतो. हाच रस्ता पुढे गोल्डन आणि माद्रिद या जुन्या खाणवस्त्यांमधून सांता फेकडे जातो, आणि वेळ असेल तर परतताना मुलीला घेऊन तो पुरा करावा. मैदानाचे नाव जवळच अवशेषरूपाने उरलेल्या पाआको या प्राचीन प्युएब्लो (मूळनिवासी) वस्तीवरून आले आहे.

केन डाय यांनी आखलेले हे मैदान २००० साली खुले झाले, आणि मूळच्या अठरा होलना पुढे आणखी नऊ जोडले गेल्यामुळे आता ते सत्तावीस होलचे आहे. आजूबाजूला पिन्यॉन पाइनची आणि जुनिपरची बुटकी, गर्द झाडी आहे. तिच्या मधूनमधून चामिसाची झुडपे, फड्या निवडुंग आणि चोया हा काटेरी निवडुंग. पावसाची टंचाई हा इथल्या आखणीचा पाया आहे. अल्बुकर्की शहरात वर्षाला जेमतेम ९ इंच पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण एक-तृतीयांश. डोंगरापलीकडे थोडा जास्त पडतो, पण एवढ्या पाण्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवळ राखता येत नाही. म्हणून टीवर, चेंडू पडण्याच्या पट्ट्यात आणि ग्रीनभोवती (झेंड्याच्या गुळगुळीत हिरवळीभोवती) तेवढे गवत राखलेले असते. मधली जमीन जशीच्या तशी सोडलेली असते. टीवर उभे राहिले की पुढे आधी दगड, झुडपे आणि एखादी कोरडी घळ दिसते, तिच्यापलीकडे फेअरवे (ग्रीनकडे नेणारा राखलेल्या गवताचा पट्टा) सुरू होतो, आणि त्याच्याही पलीकडे ऑर्टिझ आणि सान पेद्रोचे डोंगर. दृश्य अप्रतिम आहे यात वाद नाही. मात्र नजर त्या डोंगरांवर खिळली की मन आपोआप शक्य तितका लांब फटका मारायला उद्युक्त होते, आणि तिथेच हात दाखवून अवलक्षण होते.

आता हवेचा हिशेब. साडेसहा हजार फुटांच्या थोडे वर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १८ टक्क्यांनी विरळ असते. म्हणून चेंडू १८ टक्के लांब जाईल, असे मात्र नाही. कारण हवा चेंडूला अडवते तशीच, बॅकस्पिनच्या (चेंडूच्या उलट्या फिरकीच्या) जोरावर, त्याला वर उचलूनही धरते, आणि विरळ हवेत या दोन्ही गोष्टी कमी होतात. व्यवहारात वापरला जाणारा ठोकताळा असा : फुटांमधल्या उंचीला ०.००११६ ने गुणले की अंतरातली टक्केवारीची वाढ मिळते. ६,६०० फुटांवर ती साडेसात टक्क्यांच्या जरा वर येते. पण आपण मुंबईहून नव्हे, पुण्याहून येत आहात. पुणे स्वतःच सुमारे १,८०० फुटांवर असल्यामुळे त्यातली दोन टक्के वाढ आपण घरी रोज उपभोगतच आहात. उरली साडेपाच टक्के. पुण्यात आपली सेव्हन आयर्न (मध्यम पल्ल्याचा लोखंडी क्लब) १४० यार्ड जात असेल तर तिथे ती १४७-१४८ यार्ड जाईल; २०० यार्ड हवेतून जाणारा ड्राइव्ह २११ यार्डांपर्यंत पोहोचेल. म्हणजे आयर्नमध्ये पाऊण ते एक क्लबचा फरक, इतकेच. ज्यांचा स्विंग मंद आहे त्यांना याहूनही कमी मिळते, कारण त्यांच्या चेंडूला हवेतच ठेवायला लागणारा उठाव कमी पडतो. अशा खेळाडूने ड्रायव्हरचा (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबचा) लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, एखाद्या अंशाने वाढवावा, किंवा सरळ थ्री वुडने टी-ऑफ करावे. वेजच्या (जवळून चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबच्या) छोट्या फटक्यांत फरक इतका नगण्य असतो की तो मोजूच नये.

या साडेपाच टक्क्यांपेक्षा महत्त्वाचा बदल चेंडूच्या मार्गात होतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी सांगत नाही. उठाव कमी असल्याने चेंडू नेहमीइतका वर चढत नाही आणि ग्रीनवर चपट्या कोनातून, अधिक वेगाने येऊन आदळतो. पुण्यात जो फटका दोन उड्या घेऊन थांबतो, तोच तिथे ग्रीनच्या मागच्या कडेपर्यंत सरपटत जातो. म्हणून ‘एक क्लब कमी’ एवढ्यावर भागत नाही. उतरण्याची जागाही अलीकडची धरावी लागते. झेंडा ग्रीनच्या पुढच्या भागात असेल तर मी विद्यार्थ्यांना ग्रीनच्या तोंडाशी चेंडू टाकायला सांगतो, आणि झेंडा मागे असेल तर ग्रीनच्या मधोमध. मागे गेलेला चेंडू पा-को रिजवर सहसा उतारावरून खाली, थेट झुडपांत जातो. पुढे राहिलेला चेंडू चिप करता येतो. एक दिलासा असा की साइडस्पिनचाही प्रभाव घटतो, त्यामुळे आपला स्लाइस (नकळत बाजूला वळणारा फटका) थोडा सरळ होतो. ज्याला मुद्दाम डावी-उजवीकडे वळवून चेंडू खेळायची सवय आहे, त्याची मात्र पंचाईत होते, कारण चेंडू ठरल्याइतका वळतच नाही.

तापमानही धरावे. सप्टेंबरात सकाळी सातला आपण स्वेटर घालून टीवर उभे असाल आणि दुपारी एकला अर्ध्या बाह्यांत. थंड हवेत आणि थंड चेंडूने पाच-सहा अंश सेल्सिअसमागे ड्रायव्हरवर दोनएक यार्ड जातात, म्हणजे सकाळच्या पहिल्या चार होलांवर उंचीने दिलेले अंतर थंडी बऱ्यापैकी परत घेते. पुढे ऊन तापते तसे आकडे बदलत जातात. एकच तक्ता पाठ करून अठरा होल खेळण्यापेक्षा प्रॅक्टिस रेंजवर सेव्हन आयर्न आणि ड्रायव्हर असे दोनच क्लब मारून पाहावेत आणि बाकीचे त्यांच्यावरून बेतावेत. रेंजवरचे चेंडू बऱ्याचदा जुने आणि कमी पल्ल्याचे असतात, हे त्यात लक्षात असू द्यावे.

टी निवडण्याचा साधा नियम असा, की फाइव्ह आयर्न जितके यार्ड जाते त्याला ३६ ने गुणावे. येईल त्या लांबीचे मैदान आपल्याला झेपते. पुण्यात १५० यार्ड जाणारी फाइव्ह आयर्न तिथे १५८ धरली, तरी उत्तर ५,७०० यार्डांच्या आतच येते. पा-को रिज सर्वांत मागच्या टीवरून ७,५०० यार्डांहूनही लांब आहे. पुढच्या टीवरून खेळण्यात कमीपणा वाटणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत; पण तिथे टी मागे नेली की मुख्यतः वाढते ती हवेतून पार करायची झुडपांची आणि घळींची रुंदी. आपल्या मैदानांवर घसरलेला, जमिनीलगत गेलेला ड्राइव्ह निदान गवतावरून शंभर यार्ड तरी सरकतो. इथे तो टीपुढच्या चोयात जाऊन बसतो, आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून तो शोधायलाही काट्यांत उतरावे लागते. हँडिकॅपचे काय, असा प्रश्न पडेल तर तोही सांगतो : २,००० फूट किंवा त्याहून उंच असलेल्या मैदानांचे कोर्स रेटिंग (मैदान किती अवघड याचा आकडा) ठरवताना उंचीमुळे मिळणारी लांबी हिशेबात घेतलेली असते. त्यामुळे लांब फटक्यांचा फायदा रेटिंगने आधीच वजा केलेला असतो.

चौथ्या होलविषयी स्वतंत्र लिहायला हवे. हे पार ३ (तीन फटक्यांत पुरे करायचे होल) आहे, आणि त्याची ग्रीन अशी लांबलचक, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली आहे की झेंडा पुढे आहे की मागे, यावर दोन-तीन क्लबांचा फरक पडतो. कार्डावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. लेझरने (अंतर मोजायच्या यंत्राने) थेट झेंड्याचे अंतर घ्यावे आणि चुकायचेच असेल तर झेंड्याच्याच पायरीवर चुकावे. खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर पट (ग्रीनवरचा चेंडू घरंगळवणारा फटका) करताना चढ संपेपर्यंत चेंडूला जोर लागतो आणि सपाटी लागताच तोच जोर जास्त ठरतो. वरून खाली तर चेंडूला नुसता धक्का द्यायचा, बाकीचे काम उतार करतो. तिथे पटचे तीन फटके लागले तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

ग्रीनची चाल एकूणच आपल्याला नवी वाटेल. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर बर्म्युडा गवत असते, आणि त्याच्या पात्यांचा कल पाहून पट वाचायची आपल्याला सवय असते. इथल्या ग्रीनवर थंड हवामानातले बेंट गवत आहे. त्याची पाती बारीक आणि उभी असतात, पात्यांचा कल जवळजवळ विचारात घ्यावा लागत नाही, आणि चेंडू उताराचे तंतोतंत ऐकतो. अडचण अशी की उतार डोळ्यांना खरा दिसत नाही. सँडियाचा चढ पाठीमागे इतका मोठा असतो की त्याच्या तुलनेत खरोखर उतरती असलेली ग्रीन सपाट, कधीकधी तर चढतीही भासते. पट गोंधळात टाकणारा वाटला, तर सँडियाची धार कोणत्या दिशेला आहे ते पाहावे, आणि चेंडू तिच्यापासून दूर, खालच्या खोऱ्याकडे थोडा अधिक वळेल असे धरावे. अंतराचेही तसेच आहे. कोरड्या, धूळविरहित हवेत दूरची वस्तू जवळ दिसते, आणि पुण्या-मुंबईच्या दमट हवेत घडलेला आपला डोळा सहज दहा-पंधरा यार्ड कमी मोजतो. लेझरवर विश्वास ठेवावा. चढ-उतारासाठी ढोबळ हिशेब म्हणजे तीन फुटांच्या उतारामागे एक यार्ड कमी. चढ-उतार मोजून देणारी स्लोपची सोय मित्रांमधल्या खेळात वापरावी, परंतु स्पर्धेत किंवा हँडिकॅपसाठी स्कोअर नोंदवताना ती बंद ठेवावी लागते.

झुडपांत गेलेल्या चेंडूचे काय करायचे, हे निघण्यापूर्वीच माहीत असावे. आधी स्कोअरकार्डाच्या मागे छापलेले स्थानिक नियम वाचावेत. २०१९च्या नियमांनुसार समितीला वाळवंटी जमीनही पेनल्टी एरिया म्हणून लाल खुंट्यांनी आखता येते. तशी ती आखलेली असेल, तर चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लब-लांबींच्या आत, एका फटक्याचा दंड घेऊन ड्रॉप करता येतो (हातातून खाली टाकून खेळता येतो). आखलेली नसेल आणि चेंडू हरवला, तर फटका आणि अंतर दोन्ही जातात, म्हणजे दंडाच्या फटक्यासह मूळ जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणून शंका येताच प्रोव्हिजनल (राखीव) चेंडू खेळून ठेवावा. शोधायला तीनच मिनिटे आहेत, पूर्वीची पाच नाहीत. चेंडू निवडुंगाला टेकून बसला असेल तर फुकट सुटका नाही, कारण निवडुंग हा मैदानाचाच भाग मानला जातो. साप मात्र वेगळा : झुडपाशेजारी रॅटलस्नेक दिसला तर धोकादायक प्राण्याच्या नियमाखाली विनादंड दूर ड्रॉप घेता येतो, आणि तो निःसंकोच घ्यावा. काट्यांपासून पाय वाचवायला टॉवेल स्वतःच्या पायांभोवती गुंडाळायला परवानगी आहे. तोच टॉवेल निवडुंगावर अंथरला तर उभे राहण्याची जागा सुधारल्याचा दंड बसतो. बारकावा आहे, पण तिथे तो खरोखर उपयोगी पडतो.

तरीही माझा सल्ला असा की झुडपांत शिरूच नये. सप्टेंबरात साप हिंडतेफिरते असतात, आणि चेंडू दिसला तरी हात न घालता क्लबने किंवा चेंडू काढायच्या लांब दांड्याने तो ओढून घ्यावा. चोयाचे काटे टोकाशी उलट्या दातऱ्यांचे असतात. एक तुकडा पायमोज्याला चिकटला की बोटाने काढायला जावे तर तो बोटात रुततो. गोल्फच्या पिशवीत एक जाड दातांचा स्वस्त कंगवा ठेवावा. तुकड्याखाली कंगवा सरकवून बाहेरच्या दिशेने झटका दिला की तो सुटतो, आणि मागे राहिलेली कुसे चिमट्याने काढता येतात. स्थानिक लोक हे सवयीने करतात आणि नवख्याला सांगायचे विसरतात.

हवामानाबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मान्सून असतो, आणि सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्याची शेपूट उरलेली असते. आपल्यासारखी दिवसभराची झड नसते. सकाळ निरभ्र, अकरा-बाराला डोंगरावर पांढरे ढग, आणि दोननंतर विजांसह वादळ. पाऊस जमिनीपर्यंत न पोहोचताही वीज पडू शकते. मैदानावर भोंगा वाजला तर फटका अर्धवट सोडून निघायचे. भोंगा नसेल आणि गडगडाट ऐकू आला तरीही निघायचे. एकट्या झाडाखाली किंवा उंचवट्यावर थांबायचे नाही. यावर उपाय एकच, सकाळची लवकरची वेळ घेणे.

शरीराची काळजी विमानातून उतरल्यापासून सुरू करावी. पहिल्या एक-दोन दिवसांत डोके जड होणे, जिन्यावर धाप लागणे हे साहजिक आहे. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी टी-टाइम घेऊ नये, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी घ्यावा. हवा इतकी कोरडी असते की घाम फुटतो आणि लगेच उडून जातो, त्यामुळे तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दर दोन-तीन होलांमागे पाणी प्यावे, आणि सोबत काही खारट ठेवावे. शेंगदाणे-चिवडा उत्तम चालतो. उंचीबरोबर अतिनील किरणे वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी, म्हणून हवा गार असली तरी कानांच्या पाळ्या आणि मान भाजते. मैदान डोंगराळ आहे आणि होलांमधली अंतरेही मोठी आहेत, त्यामुळे पहिल्या फेरीला कार्ट घ्यावी. रक्तदाब किंवा हृदयाचे काही असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

‘सार्वजनिक’ या व्यवस्थेशी आपला परिचय कमी असतो, कारण महाराष्ट्रातली बहुतेक मैदाने सभासदांची आणि त्यांच्या पाहुण्यांची आहेत. इथे सभासदत्व लागत नाही. संकेतस्थळावरून वेळ निवडायची, पैसे भरायचे आणि खेळायचे. एकटे किंवा दोघे असाल तर अनोळखी खेळाडूंबरोबर चौघांचा गट पूर्ण करून दिला जातो, आणि ते लोक बहुधा मोकळे, गप्पिष्ट असतात. कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) नसतो. बंकर (वाळूचा खड्डा) स्वतः आवरायचा, चेंडूने ग्रीनवर पडलेला खळगा स्वतः दुरुस्त करायचा, आणि चेंडूवरची नजरही स्वतःच ठेवायची; हे शेवटचे आपल्याला सर्वांत जड जाते. टीवर सहखेळाडूचा चेंडू कुठे उतरला ते एखाद्या झाडाच्या खुणेने लक्षात ठेवले, तर चौघांचाही वेळ वाचतो. गट मागे पडला तर मार्शल येऊन नम्रपणे, पण ठामपणे वेग वाढवायला सांगतो. दुपारनंतरचे दर स्वस्त असतात, पण वर सांगितलेल्या विजांमुळे सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्या मोहात पडू नये.

आपला मुक्काम ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लांबणार असेल तर आणखी दोन गोष्टी. सँडियाच्या वरच्या भागात अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी पडतात, खाली चामिसा फुलते, हवा स्थिरावते, आणि खेळायला याहून चांगला काळ नाही. मात्र त्याच सुमारास १९७२ पासून चालत आलेला बलून महोत्सव अल्बुकर्कीत भरतो, शहर पाहुण्यांनी भरून जाते आणि सोयीच्या टी-टाइम लवकर संपतात. आरक्षण आधीच करावे. त्या दिवसांत पहाटे दव गोठलेले असेल तर खेळ उशिरा सुरू होतो, कारण गोठलेल्या गवतावर पाय पडला की पात्यांच्या पेशी फुटतात आणि पावलांचे ठसे काळे पडतात.

दुसऱ्या फेरीची सोय होत असेल तर माझी पसंती अशी. सांता फेचे मार्टी सँचेझ लिंक्स हे नगरपालिकेचे मैदान तासाभरावर आहे. ते मोकळे, कमी झाडीचे आणि नवख्याला सोपे आहे, आणि शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर त्याचे गवत राखले जाते. उंचीचा सराव व्हावा म्हणून पा-को रिजच्या आधी ते खेळणे अधिक शहाणपणाचे. फार्मिंग्टनचे पिन्यॉन हिल्स, हेही नगरपालिकेचे आणि हेही केन डाय यांनीच आखलेले, १९८९ पासून चालू आहे. वाळूखडकांच्या कड्यांमधले ते मैदान दृश्य आणि दर्जा यांच्या मानाने स्वस्त समजले जाते, पण अल्बुकर्कीहून गाडीने तीन तास लागतात, तेव्हा मुलीला सुटी असलेल्या शनिवार-रविवारीच ते जमेल. सान्ता क्लारा प्युएब्लोच्या जमिनीवरचे ब्लॅक मेसा मात्र पहिल्या भेटीत वगळावे. तिथे पहिल्याच टीवरून खडकांच्या धारेपलीकडे, न दिसणाऱ्या फेअरवेवर फटका मारावा लागतो, आणि अठराच्या हँडिकॅपला त्या मैदानाची मजा यायला आधी उंच वाळवंटातल्या दोन-चार फेऱ्या पदरी असाव्या लागतात.